वाचक विचारतात : चीनची कारखानदारी आणि श्रीमंत देश, आकडा कोणता धरायचा?

मागच्या अंकात एक छोटा तक्ता होता. २०२३ साली चीनच्या कारखानदारीचे मूल्यवर्धन (विक्रीतून बाहेरून घेतलेल्या मालाची आणि कामाची किंमत वजा करून उरते ते) ४.६६ लाख कोटी डॉलर, जी-७ देशांचे मिळून पाच लाख कोटींच्या पुढे, आणि भारताचे अर्ध्या लाख कोटीच्या जरा आत. (इंग्रजी वृत्तपत्रांतला एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी.) त्यावर बडोद्यातून आणि आसपासहून बरेच प्रश्न आले. सारख्या आशयाचे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : चीन एकटा त्याच्यामागच्या नऊ देशांच्या बेरजेपेक्षा जास्त माल बनवतो असे वाचले होते. तुमच्या तक्त्यात तर जी-७ चे सातच देश चीनच्या पुढे दिसतात. दोन्ही खरे कसे असेल? — एक वाचक, दांडिया बाजार

दोन्ही खरे आहे, कारण मोजलेली वस्तूच वेगळी आहे. नऊ देशांचा दावा ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०२० च्या आकड्यांवर बेतलेला आहे. त्यात कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलेल्या मालाची पूर्ण किंमत धरली जाते. या सकल मापाने जगाच्या कारखानदारीत चीनचा वाटा ३५ टक्के होता. त्याच वर्षी मूल्यवर्धनाच्या मापाने तो २९ टक्के होता. आमचा तक्ता मूल्यवर्धनाचा होता.

फरक कुठून पडतो ते बडोद्याला पाठ असलेल्या धंद्यावरून पाहू. एका ट्रान्सफॉर्मरची साखळी घ्या. आकडे समजण्यापुरते, लाखांत. एक युनिट ३० चे सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचे सिलिकॉन पोलाद) पत्र्याचे कॉइल घेऊन त्याचे लॅमिनेशन कापते आणि ३८ ला विकते. दुसरे २५ चे तांबे घेऊन कागद गुंडाळलेली पट्टी ३१ ला देते. तिसरे ६ ची प्लेट घेऊन टाकी ११ ला देते. जोडणी करणारा हे सगळे मिळून ८० चे सामान घेतो, वर ८ चे तेल आणि बुशिंग, आणि तयार ट्रान्सफॉर्मर १०० ला विकतो.

चौघांची विक्री मिळवली तर ३८ + ३१ + ११ + १०० = १८० होते. मूल्यवर्धन मात्र ८ + ६ + ५ + १२ = ३१. उद्या एकाच मालकाने ही चारही कामे एका छपराखाली आणली तर विक्री १०० वर येईल आणि मूल्यवर्धन ३१ च राहील. ट्रान्सफॉर्मर तोच, तांबे तेवढेच. सकल आकडा मात्र ८० ने उतरला.

चीनमध्ये खनिजापासून तयार मालापर्यंतची साखळी बव्हंशी देशातच आहे आणि ती असंख्य कंपन्यांत विभागलेली आहे. प्रत्येक बिलाबरोबर तेच लोखंड पुन्हा मोजले जाते. श्रीमंत देशांत साखळीचे बरेच दुवे बाहेर गेले आहेत. शिवाय त्यांच्या विक्रीत मूल्यवर्धनाचा हिस्सा मोठा असतो. अमेरिकेत तो तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे. आपल्याकडे कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत (२०२२-२३) तो साधारण १५ टक्के होता.

म्हणून सकल आकडा टाकाऊ ठरत नाही. जगाला लागणारे सुटे भाग कोणाच्या हातात आहेत, एखादा देश पुरवठा अडवू शकतो का, असे विचारायचे असेल तर आम्ही सकल आकडाच घेऊ. कारखानदारीतून कोण किती कमावते हे पाहायचे असेल तर मूल्यवर्धन. चीनचा सकल आकडा आणि बाकीच्यांचे मूल्यवर्धन एकाच आलेखात बसवणे मात्र सरळ चूक आहे, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या निम्म्या चित्रांत तेच असते. ओळखायची खूण सोपी : चीनच्या कारखानदारीचा आकडा १० लाख कोटी डॉलरच्या पुढे दिसला की तो सकल आहे.

प्रश्न : आमचे मकरपुरा जीआयडीसीत जॉबवर्कचे युनिट आहे. मूल्यवर्धन काढताना कामगारांचा पगार वजा करायचा का? आणि माल पार्टीचा असेल तर तो धरायचा का? — एक लघुउद्योजक

पगार वजा करायचा नाही. कर्जाचे व्याज नाही, घसारा नाही, नफाही नाही. मूल्यवर्धन म्हणजे नफा असे समजून पगार वजा करणे ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. वजा जाते ते बाहेरून विकत घेतलेले : कच्चा माल, वीज, इंधन, कटिंग ऑइल, टूल्स, दुरुस्तीचे बिल, बाहेर दिलेल्या कामाची मजुरी, वाहतूक. जीएसटी दोन्ही बाजूंनी वगळा.

पार्टीचा माल तुमच्या खात्यात येत नाही. तुमचे उत्पादन म्हणजे फक्त मजुरीचे बिल. त्यामुळे शेजारचे युनिट तेच शाफ्ट स्वतःच्या रॉडमधून बनवत असेल तर त्याची विक्री तुमच्या पाच-सहापट दिसेल, मूल्यवर्धन मात्र जवळपास सारखे निघेल. देशांच्या तुलनेतही हेच होते. परक्याच्या मालावर जोडकाम जास्त करणारा देश आणि स्वतः माल घेणारा देश यांची विक्री एका रांगेत लावता येत नाही.

आणखी एक. पूर्वी कारखान्याच्या पगारपत्रकावर असलेले पहारेकरी, कँटीन, हिशेब आणि संगणकाचे काम कंत्राटदाराकडे गेले की तेवढे मूल्यवर्धन कारखानदारीतून उठून सेवाक्षेत्रात जाते. यंत्रावर काहीच बदललेले नसते. श्रीमंत देशांत हे दशकानुदशके चालले आहे. त्यांची कारखानदारी आटल्याची जी ओरड होते, तिचा काही भाग नुसता खातेबदल आहे.

प्रश्न : ‘श्रीमंत देश’ म्हणजे नेमके कोण? यादी कोण ठरवते? — रावपुऱ्यातील एक निवृत्त शिक्षिका

याच्या तीन याद्या चलनात आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी येतात.

जी-७ ही सगळ्यात आखूड : अमेरिका, जपान, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, इटली, कॅनडा. दक्षिण कोरिया त्यात नाही. कारखानदारीच्या हिशेबात हे मोठेच भगदाड आहे.

ओईसीडीत ३८ देश आहेत. लोक तिला बिनदिक्कत ‘श्रीमंतांचा क्लब’ म्हणतात, पण मेक्सिको १९९४ पासून आत आहे, तुर्की संस्थापकांत आहे, कोलंबिया २०२० मध्ये आणि कोस्टारिका २०२१ मध्ये आले. उलट तैवान आणि सिंगापूर बाहेर. म्हणजे चिप बनवणारे दोन श्रीमंत प्रदेश सुटले आणि मध्यम उत्पन्नाचे काही देश आले.

तिसरी यादी जागतिक बँकेच्या उच्च उत्पन्न गटाची. ती दर १ जुलैला दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरून नव्याने लागते. जुलै २०२४ मध्ये रेषा १४,००५ डॉलरवर होती आणि त्या वर्षी रशिया तिच्या वर गेला. आता ‘श्रीमंत देशांची कारखानदारी’ म्हणून या गटाची बेरीज केली तर त्यात रशियाही आला. गेल्या वर्षीच्या यादीची बेरीज आणि यंदाच्या यादीची बेरीज शेजारी ठेवून ‘वाढ झाली’ म्हणणे त्यामुळे धोक्याचे. यादी एकदा गोठवावी आणि सगळ्या वर्षांना तीच लावावी. चीन या रेषेच्या अगदी खाली उभा आहे. तो वर सरकला की ‘चीन विरुद्ध श्रीमंत’ हा प्रश्नच नव्याने मांडावा लागेल.

तिन्हींत आमची पसंती ओईसीडीला. एक कारण फारसे कोणी सांगत नाही : ओईसीडीची एकूण लोकसंख्या सुमारे १३८ कोटी आणि चीनची १४१ कोटी. म्हणजे दोन्ही बाजूंना माणसे जवळपास तेवढीच. चीनचे कारखानदारीतले मूल्यवर्धन बाजारी डॉलरमध्ये (चालू विनिमय दराने) ओईसीडीच्या निम्म्याहून जास्त, पण दोन तृतीयांशाच्या आत आहे. डोकी सारखीच असल्याने दरडोई प्रमाणही तेच पडते, वेगळा भागाकार करावा लागत नाही. दरडोई चीन साधारण ३,३०० डॉलरवर, जर्मनी १०,००० च्या आसपास, आणि आपण ३०० च्या थोडे वर.

प्रश्न : तुम्ही ज्या मालिकेतून आकडा घेतला तिच्यात २०२२ ला ४.९८ आणि २०२३ ला ४.६६ लाख कोटी आहे. म्हणजे चीनचे उत्पादन सहा टक्क्यांनी घसरले? तेथील सरकार तर वाढ सांगते. — एक वाचक, अलकापुरी

घसरले नाही. चीनच्या सांख्यिकी खात्याने त्या वर्षी औद्योगिक मूल्यवर्धनात ४.६ टक्के वाढ दिली, आणि ती वाढ भाव स्थिर धरून काढलेली होती. डॉलरच्या तक्त्यात मात्र चालू भाव आणि चालू विनिमय दर हे दोन्ही मिसळलेले असतात. कारखान्यातून निघणाऱ्या मालाचे भाव त्या वर्षी सरासरी ३ टक्क्यांनी उतरले. वर्षाचा सरासरी दर डॉलरला ६.७४ युआनवरून ७.०८ वर गेला.

गणित करून पाहा. १.०४६ गुणिले ०.९७ म्हणजे १.०१५. त्याला ६.७४ भागिले ७.०८, म्हणजे ०.९५२ ने गुणा. उत्तर ०.९६६. माल ४.६ टक्क्यांनी जास्त बनूनही डॉलरमध्ये ३.४ टक्के घट इथेच आली. उरलेली तफावत व्याप्तीची. चीनचा मासिक आकडा वर्षाला किमान २ कोटी युआन उत्पन्न असलेल्या उद्योगांचाच असतो आणि त्यात खाणी व वीजही येतात. जागतिक बँकेचा आकडा फक्त कारखानदारीचा, पण लहानमोठ्या सगळ्यांचा. शिवाय जुने आकडे सुधारले जातात. पाचव्या आर्थिक गणनेनंतर २०२३ चे चीनचे एकूण देशांतर्गत उत्पादनच २.७ टक्क्यांनी वर गेले. म्हणून तक्त्याखाली तो कोणत्या तारखेला उतरवला हे लिहून ठेवावे.

जपानचे तर याहून बिकट झाले. २०२१ मध्ये डॉलरला सरासरी ११० येन पडत होते, २०२३ मध्ये १४०. येनमध्ये तेवढेच उत्पादन ठेवले तरी डॉलरमध्ये पाचव्या हिश्शाहून जास्त गळते. ‘श्रीमंत देशांची’ बेरीज करताना ही गळती निमूट आत येते.

वाढ पाहायची असेल तर स्थिर किमतींची मालिका घ्या (बहुतेक ठिकाणी २०१५ चे डॉलर). एका वर्षातले आकारमान पाहायचे असेल तर चालू डॉलर चालतील, पण मग दोन वर्षांची वजाबाकी करू नका.

प्रश्न : मग क्रयशक्तीच्या दराने का मोजत नाही? त्यात भारतही बराच मोठा दिसतो. — एक वाचक, कारेलीबाग

दिसतो खरा, पण कारखानदारीला तो दर लावणे आम्हाला पटत नाही. क्रयशक्तीचा दर, म्हणजे एका डॉलरची अमेरिकेतली खरेदी आपल्या देशात किती पैशांत होते तो दर, सगळ्या अर्थव्यवस्थेचा असतो. भारतात तो डॉलरला २० रुपयांच्या आसपास पडतो, कारण केशकर्तन, भाडे, शिकवणी, रिक्षा स्वस्त आहेत. पण सीएनसी लेथ, बेअरिंग, तांब्याची कॅथोड यांचे भाव जगभर जवळपास सारखेच. स्वस्त सेवांमुळे खाली आलेल्या दराने लेथची किंमत फुगवली तर चारपट लेथ कागदावर उभ्या राहतात.

बाजारी दर दुसऱ्या बाजूला झुकतो हेही खरे. चीनमध्ये तयार झालेली तीच पंखा-मोटर तिथे कमी भावात विकली जाते, म्हणजे बाजारी डॉलर चीनचा माल थोडा कमी दाखवतो. खरे उत्तर दोहोंच्या मध्ये, आणि यंत्रसामग्रीपुरते ते बाजारी दराच्या जवळ.

प्रश्न : भारताचा औद्योगिक निर्देशांक १५० आणि अमेरिकेचा १०३. आपण पुढे गेलो का? — एक विद्यार्थी

नाही. भारताच्या या मालिकेत २०११-१२ म्हणजे १००, अमेरिकेच्या मालिकेत २०१७ म्हणजे १००. प्रत्येक जण स्वतःच्याच जुन्या आकड्याशी तुलना करतो आहे. दोन्ही मालिकांतील २०१७ चा आकडा घ्या, त्याने पुढचे आकडे भागा, १०० ने गुणा. मग वाढीचा वेग तुलनेला येतो. आकारमान तरीही कळत नाही. वजनेही पाहा : आपल्या या मालिकेत खाणी १४.३७, कारखानदारी ७७.६३ आणि वीज ७.९९ टक्के. बांधकाम यात नाही. जागतिक बँक ज्याला ‘उद्योग’ म्हणते त्यात मात्र बांधकाम आहे.

चीन दरमहा अशी पायाभूत पातळी न देता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना देतो. जानेवारी-फेब्रुवारी एकत्रच येतात, कारण चांद्र नववर्षाची सुट्टी कधी या महिन्यात तर कधी त्या महिन्यात पडते. फक्त जानेवारीचा चिनी आकडा कुणी दाखवला तर तो कुठून आणला हे विचारा.

प्रश्न : डॉलर, युआन, भाव यांची भानगडच नको. पोलाद टनात आणि वीज युनिटमध्ये मोजली तर? — एक निवृत्त अभियंता, गोरवा

मोजता येते, आणि पडताळ्यासाठी मोजावेच. २०२३ मध्ये जगात साधारण १८९ कोटी टन कच्चे पोलाद बनले, त्यातले १०१.९ कोटी चीनचे. अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि युरोपीय संघ मिळून सुमारे ३६ कोटी. भारत १४ कोटी. अॅल्युमिनियममध्ये चीन जवळपास ६० टक्के, सिमेंटमध्ये निम्मा. मोटारी आणि इतर वाहने : जगात ९.३५ कोटी, चीनमध्ये ३ कोटींच्या वर.

विजेत तर चित्र आणखी ठळक आहे. २०२३ मध्ये चीनने ९.२२ लाख कोटी युनिट वापरले, त्यातले ६.०७ लाख कोटी द्वितीयक क्षेत्राने (उद्योग आणि बांधकाम), म्हणजे दर तीन युनिटांतले दोन. ओईसीडी एकत्रित साधारण तेवढीच वीज वापरते, पण तिथे उद्योगाचा हिस्सा तिसऱ्या भागाच्या आसपास. म्हणजे चिनी उद्योग सगळ्या ओईसीडीच्या उद्योगांच्या दुप्पट वीज ओढतो.

डॉलरमध्ये निम्म्याहून थोडा जास्त आणि विजेत दुप्पट, हे कसे? चीनच्या वाट्याला वीज खाणारे धंदे जास्त आले आहेत : पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, काच, मूलभूत रसायने. बडोद्याच्या कोणत्याही भट्टीवाल्याला विचारा, इंडक्शन फर्नेसच्या बिलात वीज काय खाते ते तो सांगेल. विमानाचे इंजिन, औषधाचा रेणू, चिप बनवण्याचे यंत्र यांत टन कमी, युनिट बेताचे आणि पैसा जास्त. श्रीमंत देश त्याच टोकाला एकवटले आहेत.

टनांची दुसरी अडचण काळाची. चीनचे पोलाद २०२० मध्ये १०६.५ कोटी टनांवर पोचले आणि २०२४ मध्ये १००.५ कोटींवर उतरले, कारण घरबांधणी थंडावली. त्याच २०२४ मध्ये औद्योगिक मूल्यवर्धन ५.८ टक्क्यांनी वाढले. फक्त पोलादाचा तक्ता पाहणाऱ्याला ही वाढ दिसलीच नसती.

प्रश्न : बडोद्याजवळच्या हालोलला बनणारी मोटार कोणाच्या खात्यात? कंपनीत तर चिनी भांडवल आहे. — एक वाचक, वाघोडिया रोड

भारताच्या. मूल्यवर्धन कारखाना जिथे उभा आहे तिथे मोजतात, मालक कोण हे पाहत नाहीत. त्याच नियमाने शांघायमधल्या जर्मन मोटार कारखान्याचे मूल्यवर्धन चीनचे. नफा जर्मनीला गेला तर तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या वेगळ्या खात्यात दिसेल. आयात केलेल्या बॅटरीची किंमत मात्र हालोलच्या खात्यातून वजा होते. आणि ज्या अमेरिकी कंपन्या आराखडा स्वतः करतात पण कारखाना ठेवत नाहीत, त्यांची नोंद तिथे बव्हंशी घाऊक व्यापारात होते, कारखानदारीत होत नाही.

प्रश्न : हा तक्ता मला स्वतः करायचा आहे. पायऱ्या सांगाल का? — वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी

जागतिक बँकेच्या डेटा संकेतस्थळावर कारखानदारीचे मूल्यवर्धन, चालू अमेरिकी डॉलरमध्ये, हा निर्देशक शोधा. त्याची संज्ञा एनव्ही.आयएनडी.एमएएनएफ.सीडी. सीएसव्ही उतरवा. झिप फाइलमध्ये मुख्य तक्त्याबरोबर देशांची माहिती देणारी वेगळी फाइल असते, तीही ठेवा.

मुख्य तक्त्यात पहिल्या चार ओळी माहितीच्या असतात, शीर्षके पाचव्या ओळीत. चार ओळी काढल्याशिवाय फिल्टर लागत नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचे. देशांच्या नावांत ‘जग’, ‘उच्च उत्पन्न’, ‘युरोपीय संघ’, ‘ओईसीडी’ असे गटही वर्णानुक्रमे मिसळलेले असतात. दुसऱ्या फाइलमधला उत्पन्नगटाचा रकाना देशाच्या संज्ञेवरून जोडून घ्या. गटांपुढे तो रिकामा येतो. रिकाम्या ओळी गाळा.

वर्ष निवडताना सगळ्यात ताजे घेऊ नका. काही देशांचा आकडा दोन-तीन वर्षे मागे असतो, कॅनडाचा अनेकदा. रिकामी चौकट बेरजेत शून्य धरली जाते आणि श्रीमंत गट विनाकारण लहान होतो. ज्या वर्षात तुमच्या यादीतल्या सगळ्या मोठ्या देशांचा आकडा आहे ते वर्ष घ्या. तैवानची स्वतंत्र ओळ इथे मिळणार नाही. त्याचे आकडे त्याच्याच सांख्यिकी खात्याकडून घेऊन वेगळ्या रंगात लिहा. हाँगकाँग आणि मकाव वेगळ्या ओळींत आहेत, ते चीनमध्ये मिळवले की नाही हे तळटीपेत सांगा.

बेरीज झाल्यावर ती बँकेच्या स्वतःच्या ओईसीडी ओळीशी ताडून पाहा. थोडा फरक राहीलच, कारण बँक रिकाम्या जागा अंदाजाने भरते. दुप्पट-तिप्पट आली तर एखादा गट गाळायचा राहिला आहे.